मुंगीची गोधडी

विहीणबाई आल्या तेव्हा आई जमिनीवर पसरलेल्या गोधडीच्या मधोमध गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यामुळे "या, बसा" म्हणायला उशीर झाला. तो उशीर विहीणबाईंनी मनात टिपून ठेवला असणार, असं आईला लगेच वाटलं. नात मुंगी जन्मल्यापासून दोन्ही घरांत अशा टिपून ठेवलेल्या गोष्टींचा बराच साठा झाला होता.

"कापडं आणलीयेत," विहीणबाई म्हणाल्या आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवलेलं पोतं त्यांनी ओढत आत घेतलं. पोतं त्यांच्या कमरेपर्यंत येत होतं.

"अहो, एवढं कशाला? माझ्याकडे होती की."

"तुमच्याकडे सगळ्या चादरी. वरच्या ठिगळांना जरा रंगीत लागतं. पोरगी डोळे उघडेल तेव्हा तिला काहीतरी दिसू दे." त्यांनी चपला काढल्या, गोधडीच्या कडेने चक्कर मारली आणि वाकून एक कोपरा चिमटीत धरला. "टाके लांब घातलेत."

"लांब नाहीत. सैल आहेत. मुद्दाम."

"मी मशीनवर मारून देते म्हटलं होतं. तासाभराचं काम."

"मशीनचा टाका कापड आवळतो, विहीणबाई. ती दिवसरात्र पाठीवर पडून असते. तिला टोचायला नको."

यावर विहीणबाईंकडे उत्तर होतं. कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी अर्धं आयुष्य कॉलर शिवण्यात घालवलं होतं, त्यामुळे मशीनविषयी कुणी वावगं बोललं की घरच्या माणसाला नावं ठेवल्यासारखं त्यांना लागायचं. पण त्या खाली बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सुई द्या."

गोधडी आज दुपारच्या आत व्हायला हवी होती. मुंगी दीड महिन्याची होती. जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती, तळवे एकमेकांकडे बघत असल्यासारखी. दर आठवड्याला जुनं प्लास्टर उतरलं की दवाखान्यात पावलं हळूच थोडी बाहेर वळवून, मांडीपर्यंत नवं प्लास्टर घालत. डॉक्टर म्हणाले होते की चालेल, पळेल, तुम्हीच दमाल तिच्यामागे. ते सगळ्यांना पाठ झालं होतं आणि विश्वास मात्र प्रत्येकाचा वेगवेगळा होता. त्या दवाखान्यातलं टेबल स्टीलचं होतं. मुंगीला त्यावर ठेवलं की ती पावलांना हात लागायच्या आधीच किंचाळायची. ब्लँकेट घालून पाहिलं तर नव्या प्लास्टरच्या वजनाने ती त्यावरून घसरायची. मग आईने ठरवलं, जाड आणि मऊ गोधडी शिवायची. आई बसमध्ये कंडक्टर होती. आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या त्या बाईने गेले काही दिवस जमिनीवर बसून थरावर थर टाचले होते, आणि तिचे गुडघे आता तिच्याशी बोलत नव्हते.

"विहीणबाई आल्या का?" आतल्या खोलीतून मुंगीला पाजत बसलेल्या धाकट्या लेकीचा आवाज आला.

घरात सगळेच त्यांना विहीणबाई म्हणत. त्यांची सून असलेली धाकटीसुद्धा, समोर "अहो आई" म्हणत असली, तरी मागे विहीणबाईच म्हणायची.

"आल्यात. तू पाज तिला, घाई करू नकोस," आईने सांगितलं.

थोरली लेक पोतं उलगडायला बसली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. वस्तू हातात आली की वर्गवारी करायची सवय तिच्या बोटांत होती. पडद्याचा तुकडा एका बाजूला, फुलाफुलांचा झगा दुसऱ्या बाजूला, उशांचे अभ्रे तिसरीकडे. तळाशी हात घातला आणि ती थांबली. तिच्या हातात एक निळा शर्ट होता. कॉलर विरलेली, आणि छातीवर, बाह्यांवर पांढऱ्या, पिवळ्या, विटकरी रंगाचे शिंतोडे.

"हा इथे कशाला?" ती म्हणाली.

"कापड चांगलं आहे," विहीणबाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "धुऊन धुऊन लोण्यासारखं झालंय. रंगाचा भाग मी कापून टाकणार."

"कुणाचा आहे ते विचारतेय मी."

कुणाचा ते विचारायची गरजच नव्हती. शर्ट रंगाऱ्याचा होता, विहीणबाईंच्या मुलाचा, मुंगीच्या बापाचा. घरांना रंग देणारा तो माणूस मुंगी जन्मली त्या सकाळी तिची पावलं बघून "चहा घेऊन येतो" म्हणाला होता आणि परगावी निघून गेला होता. त्याचे फोन येत होते. धाकटी ते उचलत नव्हती.

आतल्या दारात धाकटी उभी होती. खांद्यावर मुंगी, मुंगीचे प्लास्टरमधले पाय तिच्या कमरेशी लोंबत असलेले.

"तो शर्ट नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाकी काहीही चालेल."

विहीणबाईंनी शर्ट थोरलीच्या हातातून घेतला, बाह्या आत घालून नीट घडी केली आणि पोत्यात परत ठेवला. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. एका टाक्याच्या लांबीवरून वाद घालणारी बाई इथे एक शब्दही बोलली नव्हती. आईला पहिल्यांदाच जाणवलं की ही बाई या घरात यायला घाबरत असेल, आणि तरीही आली आहे.

*

थोरली चहा ठेवायला उठली, तशा विहीणबाईही उठल्या. "मी येते मदतीला," म्हणाल्या. चार कप चहाला दोन माणसं कशाला, हे थोरलीच्या ओठांवर आलं होतं, पण तिने गिळलं.

स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि एक खिडकी. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या हवा भरण्याच्या पंपाचा आवाज दिवसभर वर यायचा. विहीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

"तू त्याला दवाखान्याच्या दाराशी काय म्हणालीस, ते त्याने मला सांगितलंय," त्या म्हणाल्या.

थोरलीने पातेल्यात पाणी ओतलं.

"मग? चुकीचं काही म्हणाले नाही."

"तोंड दाखवू नकोस म्हणालीस. तिने तुझं नाव टाकलंय म्हणालीस. ते तिने म्हटलं होतं का तुला?"

"म्हणायला लागतं? मी रोज बघत होते तिला. ती रडायची नाही, विहीणबाई, ते तर जास्त वाईट होतं. भिंतीकडे तोंड करून पाजायची. प्लास्टर घालताना बाळ किंचाळायचं आणि ही बाळाचा हात धरून मला विचारायची, 'ताई, दुखत असेल का गं?' तेव्हा तुमचा मुलगा कुठे होता?"

"पळाला होता," विहीणबाई म्हणाल्या. "मी त्याला त्याच्या तोंडावर सांगितलंय. तुझ्यापेक्षा वाईट शब्दांत सांगितलंय. जेवायला वाढलं नाही त्या दिवशी. पण पळालेला माणूस परत आला होता, हे तिला कळायला नको? ते तू आणि मी ठरवायचं?"

चहा उकळून वर आला तशी थोरलीने गॅस बारीक केला. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तिला नीट झोप नव्हती. दाराशी उभा असलेला तो माणूस भांडला असता तर सोपं गेलं असतं. तो भांडला नव्हता. "बरं," एवढंच म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या पलीकडे दिसला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. दोन्ही वेळा थोरलीने बहिणीला घाईघाईने रिक्षात बसवलं होतं.

"तुम्हीच का नाही सांगत?" तिने विचारलं.

"मी सांगितलं तर मुलाची बाजू घेतली असं होईल. आणि मग तुम्ही दोघी बहिणी समोरासमोर याल, माझ्या तोंडून आलेल्या गोष्टीवरून. तसं नको मला. तू सांग. नाही सांगितलंस तरी मी बोलणार नाही." त्यांनी कप उचलले. "साखर कमी घाल माझ्यात."

*

चौघी चार बाजूंना बसल्या. धावदोरा काठापासून आत आत चालला होता. मधे मुंगीला ठेवलं होतं, कारण तिला दुसरीकडे कुठे ठेवलं की ती कुरकुरायची, आणि गोधडीवर ठेवलं की गप्प राहून छताकडे बघायची. तिच्या भोवतीने शिवायचं म्हणजे दर थोड्या वेळाने तिला उचलून सरकवायला लागत होतं.

"पुढे चला, पुढे चला, पुढे जागा आहे," आईने तिला सरकवत म्हटलं, आणि धाकटी कितीतरी दिवसांनी हसली.

धाकटी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायची. "सुई माझ्या हातात रोज असते," ती म्हणाली, "पण मागे दोरा नसतो. त्यामुळे गडबड होतेय."

"तुझे टाके बरे आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "तुझ्या आईसारखे नाहीत."

"ऐकलं मी," आई म्हणाली.

"ऐकायलाच म्हटलं."

हे हसू ओसरायच्या आत थोरली बोलली. थांबली असती तर धीर राहिला नसता, हे तिला ठाऊक होतं.

"तो आला होता," ती म्हणाली. "दवाखान्यात. दुसऱ्या प्लास्टरच्या वेळी. दाराशी उभा होता. तू आत होतीस. मी त्याला जा म्हटलं. तू त्याचं नाव टाकलंस असं सांगितलं."

धाकटीची सुई कापडात अर्धी राहिली. तिने ती पुढे ओढली नाही, मागेही घेतली नाही.

"मग?"

"त्यानंतरही आला. दर वेळी. रस्त्याच्या पलीकडे उभा राहायचा. मी तुला सांगितलं नाही."

खाली दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं. मुंगी आवाजाच्या दिशेने डोळे फिरवत होती.

"तू का ठरवलंस?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या चांगल्यासाठी. मला वाटलं..."

"तिने चांगल्या मनानेच केलं गं," आई मधे पडली. "तेव्हा तुझी अवस्था काय होती, आठव. मी असते तर मीही..."

"अगं आई, माझं चांगलं कशात आहे ते सगळ्यांना कळतं. मी सोडून." धाकटीचा आवाज आता कापत होता. "मी फोन उचलत नव्हते. ते मी ठरवलं होतं. पण मला वाटत होतं की तो नुसते फोन करतोय. बसल्या जागेवरून. फोन करणं सोपं असतं, असं मी स्वतःला रोज सांगत होते आणि त्यावर राग धरून बसले होते. तो इथे येऊन उभा राहतो हे मला माहीत असतं, तर कदाचित मी रस्ता ओलांडून त्याला दोन शिव्या दिल्या असत्या. तेवढं तरी करता आलं असतं मला."

थोरलीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. माफ केलं असं त्यात नव्हतं आणि नाही असंही नव्हतं. मग तिने सासूकडे बघितलं.

"अहो आई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आत्ता तो कुठे आहे?"

विहीणबाईंनी चष्मा काढला, पदराची कड शोधल्यासारखा हात फिरवला आणि चष्मा तसाच परत लावला. "खाली आहे," त्या म्हणाल्या. "सायकलवाल्याच्या बाकावर."

"कधीपासून?" आईने विचारलं.

"एवढं पोतं मी एकटीने दोन जिने वर आणलं, असं खरंच वाटलं तुम्हाला?"

आई उठून खिडकीपाशी गेली. गुडघे कडकडले. खाली बाकावर रंगारी बसला होता, कोपरं मांडीवर टेकवून, समोरच्या चाकाकडे बघत. सकाळपासून तो तिथे होता आणि तिला पत्ताही नव्हता. आईला त्याचा राग होता. तो अजूनही होता, पण इतक्या जवळून राग धरणं तिला अवघड गेलं.

"मी त्याला वर बोलवा म्हणत नाहीये," विहीणबाई धाकटीला म्हणाल्या. "पोतं उचलायला माणूस हवा होता म्हणून आणलं. तू म्हणशील तर तो पोतं घेऊन परत जाईल. शर्ट मात्र माझ्या मूर्खपणामुळे आला. मला वाटलं होतं, निदान तेवढं त्याचं तिच्या अंगाखाली असेल."

"त्याचा शर्ट कशाला?" धाकटी म्हणाली. "तिला बाप हवाय की शर्ट?"

तिने अर्धी राहिलेली सुई कापडातून ओढून घेतली.

"बोलवा त्याला," धाकटी म्हणाली. "आणि आल्यावर कुणी रडू नका. प्लास्टर भिजवायची वेळ झालीये."

*

दवाखान्यात जायच्या आधी प्लास्टर घरीच कोमट पाण्यात भिजवून सोडवायचं असायचं. रंगारी वर आला तेव्हा मोरीपाशी टबमध्ये पाणी तयार होतं आणि धाकटी मुंगीला मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. जिन्यात पाठ केलेलं सगळं तो विसरला. त्याची सासू दारात उभी होती, थोरली तिच्यामागे. त्याची आई गोधडीवर मान घालून इतक्या जोरात शिवत होती की तिच्याकडून काही मदत मिळणार नव्हती.

"हात धू," धाकटी म्हणाली.

त्याने धुतले. नखांत पांढरा रंग अडकला होता, तो घासूनही निघाला नाही.

"बस समोर. तिच्या मांडीखाली हात दे. घट्ट नाही. हं, असं."

मुंगीचं वजन त्याच्या तळहातावर आलं. प्लास्टरसकट. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती आणि गरम होती. ती त्याच्याकडे बघत होती, ओळख असल्यासारखी नाही आणि नसल्यासारखीही नाही, नुसती बघत होती.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी. मला वाटलं, ही कधी उभीच राहणार नाही आणि तू मला रोज विचारशील की आता काय, आणि माझ्याकडे काही नसेल सांगायला. बस दिसली तसा चढलो. पुढच्या गावाला उतरलो तेव्हा कळलं काय केलंय ते. मग परत यायला तोंड नव्हतं."

धाकटी ओल्या पट्टीचं टोक नखाने शोधत होती.

"मी पण घाबरले होते," ती म्हणाली. "मी कुठल्या बसमध्ये चढणार होते?"

त्याने मान खाली घातली. तिने टोक सोडवलं आणि पट्टी गुंडाळत वर घ्यायला लागली, एक वेढा, मग दुसरा. पांढरं पाणी टबात गळत होतं. दारातल्या दोघींपैकी कुणीही पुढे आलं नाही. आईने थोरलीचा दंड धरून ठेवला होता.

"मी माफ केलं असं समजू नकोस," धाकटी म्हणाली. "मला अजून राग आहे. खूप आहे. तो एका दिवसात जाणार नाही."

"नको जाऊ दे."

"आणि तू गेलास तर तिला सांगायला मी काही गोष्ट बनवणार नाही. जे झालं तेच सांगेन."

"सांग."

शेवटचा वेढा सुटला. आतला कापूस पाण्यात पडला आणि मुंगीचं उजवं पाऊल मोकळं झालं. सुरकुतलेलं, पांढुरकं, सालं निघालेलं. रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. पाऊल आठवायला त्याला ते बघायची गरज नव्हती. दीड महिना तो ते एकच पाऊल बघत होता, शिडीवर, भिंतीवर, जेवताना ताटात.

"बघ की," धाकटी म्हणाली.

त्याने बघितलं. पाऊल अजून आत झुकलेलं होतं, पण थोडंच. तळवा खाली आला होता. टाच दिसत होती, गोल, सुपारीएवढी. बोटं पुढे होती, जिथे बोटं असतात तिथे.

"हे असं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं. दर आठवड्याला थोडं थोडं होतंय."

"मला दिसलंच नाही. हे होत होतं आणि मी..." मुंगीने तेवढ्यात मोकळा झालेला पाय जोरात झाडला आणि टबातलं अर्धं पाणी त्याच्या छातीवर उडालं. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं असावं. तिने पुन्हा झाडला.

थोरली हसली आणि हसता हसताच रडली, आणि मग टॉवेल आणायला म्हणून आत निघून गेली.

दुसऱ्या पायाचं प्लास्टर त्यानेच सोडवलं. रंगकामातली कागदी पट्टी भिंतीचा पोपडा न काढता सोडवायची त्याला सवय होती. तशीच सावकाश त्याने ही पट्टी सोडवली. धाकटीने मधे हात घातला नाही.

बाहेर येऊन बघतात तर विहीणबाई आणि आई एकाच काठावर शेजारी शेजारी बसल्या होत्या, दोन्ही टोकांकडून मधे येत.

"वेळ झाली," धाकटी म्हणाली.

"एवढी कड राहिलीये," विहीणबाई म्हणाल्या.

"राहू दे. टेबलावर घालायला एवढी पुरे."

"थोडे लांब टाके घाला, विहीणबाई," आई म्हणाली, "म्हणजे पटकन होईल." विहीणबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि खरंच लांब टाके घातले.

थोरली नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन दाराशी उभी होती. धाकटी तिच्याजवळ गेली आणि पिशवी काढून घेतली. "ताई, आज तू थांब," ती म्हणाली. थोरलीचा चेहरा पडला, तेव्हा तिने तिचा हात दाबला. "संध्याकाळी मला तू लागशील. प्लास्टरच्या रात्री ती कुणाला झोपू देत नाही."

"थांबते," थोरली म्हणाली.

रंगाऱ्याचा शर्ट ओला होता. तो तसाच खाली वाकला, गोधडी घडी करून खांद्यावर टाकली आणि धाकटीकडे बघत उभा राहिला. मुंगी तिच्या हातात होती, मोकळे पाय हलवत.

"आत टेबलापाशी माझ्याबरोबर उभं राहायचं," धाकटी म्हणाली. "ती किंचाळेल. मोठ्याने. तेव्हा बाहेर जायचं नाही."

"नाही जाणार."

"बघू," ती म्हणाली, आणि मुंगीला त्याच्या हातात दिलं.